डाव्या कुशीला लावलेला कान

कार्तिकातल्या उतरत्या उन्हात, कापलेल्या भाताच्या खुंटांवर पिवळट धूळ स्थिरावत असताना, बामाबाई शेळीच्या डाव्या कुशीला कान लावून उकिडवी बसलेली असे. डोळे मिटलेले, एक हात शेळीच्या पाठीवर, दुसरा जमिनीला टेकलेला. शेळीही अशा वेळी हलत नसे. आपल्या आतलं काही कुणी ऐकत आहे याची जाण मुक्या जिवालाही असावी. बरगड्यांच्या मागे, कोटीपोटात, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटात, तुंगारेश्वरच्या डोंगरापलीकडे मेघ गडगडावा तसा एक मंद, जड आवाज उठे, लाटेसारखा वर चढे आणि विरून जाई. मग शांतता. त्या शांततेत बामाबाई थांबून राही. दुसरा गडगडाट आला की डोळे उघडी, शेळीच्या पाठीवर थाप मारी आणि पुढच्या शेळीकडे सरके. तो आला नाही, तर तिच्या कपाळावर एक बारीक उभी रेघ उमटे.

तिच्या उजव्या कानात सोन्याची कुडी होती. डावा कान रिकामा होता, आणि ते दारिद्र्य नव्हे, हे कळायला मला बरेच दिवस लागले. कुडीचं टोक शेळीला टोचतं म्हणून तिने तो कान लग्नानंतर चारच वर्षांत मोकळा केला होता. लग्नकार्यातही ती तशीच जाई, एका बाजूने सुवासिनी आणि दुसऱ्या बाजूने गुराखी. त्या रिकाम्या कानाबद्दल मला आज लिहायचं आहे. कारण त्या कानात मी दोनदा जे ओतलं, त्याचा हिशेब माझ्याशिवाय कुणाजवळ नाही.

मी वसई तालुक्यातल्या जनावरांच्या एका दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टर नव्हतो, पण गावोगाव मला डॉक्टर म्हणत आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न करण्याची सवय बहुधा तिथूनच लागली. देशावरून आलो होतो, विहिरीच्या पाण्यावर लसूणघासाचे हिरवेगार वाफे डोलतात त्या मुलखातून, आणि इथला खारट वारा, इथला लाल चिखल, इथली झाडोऱ्यावर जगणारी बुटकी शेळी, या साऱ्याकडे मी सुधारायची गोष्ट म्हणून पाहत होतो.

चांदीप गावाच्या वेशीला बामाबाईचं कारवीच्या कुडाचं घर होतं. तिच्या स्वतःच्या पाच शेळ्या, आणि गावातल्या घराघरांनी सकाळी आणून सोडलेल्या नऊ. ज्याची शेळी तिच्या हाती, त्याला त्या शेळीची काळजी उरत नसे. तिला अक्षर येत नव्हतं. पण पानांची लिपी तिच्याइतकी वाचणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

तिचं वर्ष पंचांगाने चालत नसे, शेळ्यांच्या पोटाने चाले. आषाढ-श्रावणात रानभर कोवळं, पाण्याने फुगलेलं गवत उठे तेव्हा ती शेळ्यांना उशिरा सोडी. आधी प्रत्येकीला मूठभर कोरडा पेंढा, मग जांभळीचा नाहीतर बाभळीचा डहाळा, आणि पानांवरचं पाणी उन्हाने उडाल्यावर मगच रान. भात निघून शेतात वालाचे वेल पसरले की तिचा पहारा अधिक कडक होई. वालाचा कोवळा पाला शेळीला जितका गोड, तितका पोटात दगा देणारा. चैत्रात रान सुकून गेलं की फणसाची, वडाची, उंबराची पाळी येई, आणि लेंड्या टणक होऊ लागल्या की केळीचा गाभा चिरून ती थंडाव्याला घाली. तिचं माहेर खाडीकाठचं. तिकडून येताना ती तिवराच्या पाल्याचा एक भारा डोक्यावरून आणी. त्या पानांच्या मागच्या बाजूला वाळलेल्या मिठाची पांढरी पूड असे. शेळ्या आधी ते मीठ चाटत, मग पान खात, मग पाण्यावर तुटून पडत, आणि बामाबाई म्हणे की आज यांच्या पोटात भरती आली.

रोज सकाळी ती एक लेंडी उचलून बोटांत फोडी. सुटी, काळी, चकचकीत असली तर काल दिलेलं पचलं. एकमेकींना चिकटलेली असली तर कोवळं जास्त झालं. आत भरड काडी दिसली तर पेंढा जास्त झाला. मग त्या दिवसाचा चारा ठरे. जे मी पुस्तकात पाचकता, तंतू, प्रथिनं अशा शब्दांत वाचलं होतं, ते तिच्या बोटांच्या पेरांत होतं, आणि ते तिथे आहे हे कबूल करण्याइतका मी तेव्हा मोठा नव्हतो.

तिच्याविरुद्ध माझ्याकडे एकच शस्त्र होतं, आणि ते धारदार होतं. एका प्रशिक्षणात मी शिकून आलो होतो की तुरट पाल्यातलं द्रव्य चाऱ्यातल्या प्रथिनांना धरून ठेवतं, ती अंगी लागू देत नाही. शिकलो होतो ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. मी हिशेब मांडला: जांभूळ बंद, बाभूळ बंद, पोट नुसतं भरणारा पेंढा बंद, त्याजागी लसूणघास. निर्मळ गावच्या एका बागायतदाराने केळीच्या बागेच्या कडेला चार वाफे मला लावू दिले होते. महिनाभर तिच्या शेळ्यांना तो चारा द्यायचा, दर आठवड्याला वजन करायचं, आणि शेवटी वरच्या साहेबांना बोलावून ते प्रात्यक्षिक दाखवायचं, असं मी ठरवलं. कागदावर ते फार देखणं दिसत होतं.

बामाबाईने माझं सगळं ऐकून घेतलं. मग पायाजवळची काडी उचलून दातांत धरली आणि म्हणाली, "कोवल्याच्या संगती तुरट पायजे, डाकतर. नायतर पोट फसतंय."

मी तिला पुस्तकात काय लिहिलं आहे ते सांगितलं.

"तुझ्या बुकाला पोट हाय काय?" तिने विचारलं, आणि तिथे बसलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

ते हसू मला लागलं. आज वाटतं, त्या प्रयोगाच्या मुळाशी विद्या कमी आणि ते हसू अधिक होतं. मी पुन्हा पुन्हा गेलो. तिच्या आजारी बोकडाला मी पूर्वी बरं केलं होतं, त्याची आठवण दिली. सरकारी माणूस आहे, बोलण्यात बळ आहे, हे तिला जाणवू दिलं. शेवटी तिने मान हलवली. दोरीला बांधलेली शेळी आपल्या वर्तुळातलं सगळं खाऊन संपलं की उभी राहते, तशी उभी राहून तिने मान हलवली. मी त्या हलण्याला होकार समजलो.

आठवडाभर सगळं उत्तम चाललं. शेळ्या अधाशासारख्या खात, दूध वाढलं, मी वही घेऊन मिरवत होतो. आठव्या दिवशी मार्गशीर्षातलं दाट दव पडलं होतं. निर्मळहून भारा कापून स्कूटरवर बांधला, तेव्हा माझी पाठ त्या ओल्या पाल्याने भिजून गेली होती. तो निथळता, थंड, हिरवा स्पर्श अजून माझ्या पाठीवर आहे. मी भारा उतरवला, शेळ्यांपुढे टाकला आणि गावात दुसऱ्या कामाला गेलो. बामाबाई दारात उभी होती. तिला जे बोलायचं होतं ते मी आधीच बंद केलं होतं.

तासाभरात मला बोलवायला माणूस आला. अंगणात शेळ्या पाय फाकवून उभ्या होत्या, माना ताणलेल्या, तोंडं उघडी, आणि प्रत्येकीची डावी कूस ढोलासारखी तट्ट वर आलेली. शेळीच्या पोटात चारा आंबताना वायू होतोच; तो ढेकरेवाटे सतत बाहेर पडत असतो, म्हणून ती जगते. तो अडकला, की आतल्या आत फुगत जाऊन तिच्या फुप्फुसांना जागा उरत नाही. ती स्वतःच्याच श्वासाने आवळली जाते. मी पेटी उघडली आणि जाड पोकळ सुई काढली. कुशीत घातली. सूं करून वायू सुटायला हवा होता. सुटला नाही. सुईच्या तोंडाशी हिरवट फेसाचा एक थेंब आला आणि तिथेच थबकला.

"डाकतर, सुई काढ," बामाबाई म्हणाली. "आत फेस हाय. फेसाला भोक पाडून काय व्हनार? तेल दे."

तेल घाईत पाजलं तर श्वासनळीत जातं, एवढंच मला आठवत होतं. मी तिला गप्प बसायला सांगितलं. दुसरी शेळी, तिसरी, चौथी. प्रत्येकीच्या कुशीत तीच सुई, सुईच्या तोंडाशी तोच थेंब. कोवळ्या, ओल्या घासाचा वायू एका जागी साठत नाही. लाखो बारीक बुडबुड्यांत विखरून, प्रत्येक बुडबुड्यात स्वतंत्रपणे कोंडला जातो. त्याला एक दार उघडून भागत नाही. आणि हा फेस धरूच नये म्हणून निसर्गाने जे द्रव्य ठेवलं आहे, ते जांभळीच्या आणि बाभळीच्या तुरट पाल्यात असतं, हे मी पुढे कित्येक वर्षांनी एका पुस्तिकेत वाचलं. वाचून पुस्तिका मिटली. त्या दिवशी जेवलो नाही.

सहा शेळ्या आडव्या झाल्यावर बामाबाईने माझं ऐकणं सोडलं. सातवीचं दावं ओढत ती तिला घरामागे घेऊन गेली, मांडीत तिचं डोकं धरून गोडेतेल थेंबाथेंबाने गालातून सोडलं, आणि कूस चोळत बसली. थोड्या वेळाने घरामागून एक लांब, ओंगळ, आंबूस ढेकर ऐकू आली. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. तिने उरलेल्या सातही तशाच वाचवल्या. मी अंगणात, मेलेल्या सहांच्या मधे, हातात सुई घेऊन उभा होतो.

त्या सहांत चार गावातल्या लोकांच्या होत्या.

पंचनाम्यानंतर अहवाल मलाच लिहायचा होता. साहेब प्रात्यक्षिकाला यायचे होते. माझी बढती त्यांच्या सहीवर होती. घरी दोन मुलं होती. ही कारणं मी कित्येक वर्षं एकापुढे एक उभी केली आहेत, आणि त्यांतलं एकही आज उभं राहत नाही. गावच्या देवळाशेजारी कण्हेरीचं एक झुडूप होतं. मी लिहिलं की सदर शेळ्यांच्या मृत्यूचे कारण कण्हेरीचा विषारी पाला खाण्यात येणे हे असून, त्यास पाळणारी महिला हिचे अज्ञान व निष्काळजीपणा जबाबदार आहे. जी बाई त्या झुडपाजवळून जाताना शेळ्यांना दगड मारून दुसऱ्या बाजूने हाकत असे, तिच्या नावापुढे मी कण्हेर लिहिली. एक प्रत पंचायतीत गेली. एक नियमाप्रमाणे तिला द्यायची होती.

ती कागद घेऊन माझ्यासमोर बसली. घडी उलगडली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "काय लिवलायस? वाचून दाव."

मी वाचलं. कागद डोळ्यांसमोर धरून, सरकारी सुरात, न अडखळता मी वाचलं, "अचानक बदललेल्या कोवळ्या चाऱ्यामुळे पोटफुगी होऊन शेळ्या दगावल्या. पाळणाऱ्या बाईचा यात दोष नाही."

हे सगळं खरं होतं. फक्त कागदावर नव्हतं. हाताने खोटं लिहून मी तोंडाने खरं बोललो, आणि तिचा डावा कान माझ्याकडे वळलेला होता, डोळे मिटलेले होते. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं, डोळे उघडले, कागदाची घडी केली आणि पत्र्याच्या पेटीत सर्वांत खाली, लुगड्यांच्या तळाशी, ठेवली.

पुढच्या आठवड्यात गावातली माणसं एकेक करून आपापली शेळी घेऊन गेली. कुणी कारण सांगितलं नाही. मग पाणवठ्यावर कुणीतरी तिला कन्हेरवाली म्हटलं, आणि पंचायतीत सरपंचांनी तिच्या तोंडावर सांगितलं की अहवालात तसं लिहिलं आहे. ती म्हणाली की तुमच्या कागदात काय बी असंल, माझ्या कागदात तसा नाय, डाकतरनं वाचून दावलाय. लोकांना ती निर्लज्ज वाटली. मी खोटं बोललेलं असेन ही शक्यता तिच्या मनाला शिवलीच नाही. शेळीची कूस कधी खोटं बोलत नाही, आणि तिने मलाही त्याच कानाने ऐकलं होतं. ती ज्याच्या त्याच्यापुढे तो कागद काढी. ज्यांना वाचता येई ते वाचून, तिच्याकडे विचित्र नजरेने पाहून, न बोलता परत देत. तिला वाटे, पटलं.

त्यानंतरची तिची वर्षं मी दुरून पाहिली. स्वतःच्या पाचांतल्या तीन शेळ्या उरल्या होत्या. चौदा शेळ्यांच्या मागे रान तुडवणारी ती बाई आता अंगणाच्या कुडाआड तीन दाव्यांच्या मधे दिसे. सकाळी लेंडी फोडी, जांभळीचा डहाळा आणी, संध्याकाळी कान लावी. सगळं तेच, फक्त लहान वर्तुळात. मी लसीकरणाला चांदीपला जाई तेव्हा वाकडी वाट करून तिच्या घरावरून जाणं टाळी. रस्त्यात भेटलीच, तर ती चहाला बोलवी. मी घाईत असे.

माझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. भर दुपारी दवाखान्याच्या ओसरीवर ती येऊन बसली. केस पांढरे झाले होते, उजव्या कानातली कुडी तशीच होती. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून तिने तो कागद काढला. घड्यांवर तो फाटत आला होता आणि मागून कुणीतरी पीठ लावून कागदाची पट्टी चिकटवली होती.

"तुमी आता जानार," ती म्हणाली. तोवर तिने मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. "येकदा परत वाचून दावा. मना आता डोल्यानं दिसत नाय."

डोळे चांगले होते तेव्हाही तिला वाचता येत नव्हतं, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. म्हातारपणाचा हळवेपणा, असं मी समजलो. मला दयाही आली. तिने रिकामा कान माझ्याकडे केला, डोळे मिटले, एक हात बाकावर टेकला. मी कागद धरला आणि पाठ असलेलं वाचलं. एक शब्दही चुकलो नाही.

वाचून संपलं तरी तिने डोळे उघडले नाहीत. ओसरीच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता. ती थांबून राहिली होती. तिच्या कपाळावर ती बारीक उभी रेघ मी पाहिली.

"येवढाच लिवलाय?"

"एवढंच," मी म्हणालो.

"बरा." तिने डोळे उघडले, घडी घातली, आणि पिशवीतून वालाच्या शेंगांची एक पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. त्या संध्याकाळी आम्ही घरी वालाची उसळ खाल्ली.

आता मी वसईत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गुडघ्यांमुळे खाली उतरणं कमी झालं आहे. खिडकीच्या गजांतून समोरच्या इमारतीच्या खिडक्यांचे गज दिसतात, आणि दिवसातून कित्येकदा मी खुर्ची, खिडकी, पलंग, दार असा फेरा मारतो. खुंटीला दावं किती लांब आहे हे मला पावलांनी पाठ झालं आहे. निर्मळचा तो बागायतदार अजून स्कूटरवरून केळी आणि भाजी घेऊन आमच्या सोसायटीत येतो. त्यानेच सहज सांगितलं की चांदीपची ती शेळीवाली म्हातारी गेली, महिना झाला. मला तिच्याकडे जायचं होतं, असं मी स्वतःला सतरा वर्षं सांगत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून गेलो. शेजारच्या कामण गावाकडची पत्र्यांची प्रचंड गोदामं आता चांदीपच्या दिशेनेही सरकत आली आहेत. जिथे वालाचे वेल पसरत तिथे कंपाउंडची भिंत आहे. बामाबाईचं घर त्या भिंतीला पाठ लावून उभं आहे. रान उरलेलं नाही. तीन शेळ्या बांबूच्या माचावर बांधलेल्या होत्या, पुढ्यात बाजारातून आणलेला कोबीचा पाला आणि पोत्यातली पशुखाद्याची कांडी. पण प्रत्येकीच्या पुढे, त्या सगळ्याच्या आधी, जांभळीचा एकेक डहाळा टांगलेला होता.

बामाबाईची सून रंजना डहाळे बांधत होती. दहावीपर्यंत शिकलेली, चाळिशीकडे झुकलेली, आवाजात धार. तिने मला ओळखलं. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी काही बोलण्याआधी आत जाऊन ती पिशवी घेऊन आली.

"लग्न होऊन आले त्या वर्षी आयने मला हा कागद दाखवला," ती म्हणाली. "मोठ्या कौतुकाने. मी वाचला मोठ्याने, जसा आहे तसा. ती म्हणाली, तुझं वाचन कच्चं हाय, डाकतरनं दुसरं वाचलंय. मी परत वाचला. तर माझ्या हातातून ओढून घेतला. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. घरात सगळ्यांना सांगितलं, शिकलेली सून आणली, पण तिला वाचता येत नाय."

"मग?"

"मग काय. त्या दिवसापासून तिने तो कुणालाच दाखवला नाही. फक्त एकदा पिशवी घेऊन गेली, तुमच्याकडे. परत आली तर मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? म्हणाली, तुझंच वाचन कच्चं."

मी रंजनाला विचारलं, लग्न कधी झालं. तिने सांगितलं. माझी निवृत्ती त्याच्या पुढच्या वर्षीची.

तेव्हा मला ती ओसरी दिसली, पत्र्यावरचा कावळा दिसला, आणि मिटलेल्या डोळ्यांनी थांबून राहिलेली ती. ती ऐकायला आली नव्हती असं नाही. ती नेहमी जशी ऐकायची तशीच ऐकायला आली होती, कान कुशीला लावून, आतून आवाज येतो का ते पाहायला. कागदावर खरं काय लिहिलं आहे ते माझ्या तोंडून निघावं म्हणून तिने मला एक पूर्ण वर्ष आणि वर एक दुपार दिली होती. आणि मी दिलेलं उत्तर घेऊन घरी जाऊन तिने ते आपल्या सुनेच्या माथी मारलं, मला वाचवायला की स्वतःला, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

मी रंजनाला म्हणालो की तिचं वाचन बरोबर होतं. कण्हेर मी लिहिली. शेळ्या माझ्या चाऱ्याने मेल्या. मी म्हणालो की मला पेन दे, याच कागदावर खाली खरं लिहून सही करतो, पंचायतीतही देतो.

"पंचायतीत द्या," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी वेगळा लिहा. ह्याच्यावर नको. हा तिचा आहे." मग तिने कागद माझ्या मांडीवर ठेवला. "तुम्ही तिला दोनदा वाचून दाखवलात. आता मला दाखवा. जसं लिहिलंय तसं."

मी चष्मा लावला. ज्या कागदाकडे पाहत मी दोनदा दुसरंच काही बोललो होतो, तो प्रथमच वाचला. माझं तरुण, नेटकं, तिरपं अक्षर. विषारी पाला. निष्काळजीपणा. अज्ञान. या एका शब्दाशी माझा आवाज अडकला. वायू होता, पण तो फेसात होता. रंजनाने घाई केली नाही. एक शेळी डहाळ्याची पानं ओरबाडत होती. मी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं आणि सहीपर्यंत, खालच्या शिक्क्यापर्यंत, वाचून काढलं.

"हेच वाचलं होतं मी," रंजना म्हणाली. तिने कागद घेतला, घडी घातली आणि आत गेली. क्षमेचं काही बोलली नाही. मीही मागितली नाही. जिच्याकडे मागायची तिने आपला कान दोनदा पुढे केला होता.

पंचायतीचा कागद मी दुसऱ्या दिवशी लिहून दिला. तिथल्या तरुण कारकुनाने विचारलं की कोण बामाबाई, आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला. हे लिखाण त्या कागदापुढचं आहे. ज्यांनी तिला कन्हेरवाली म्हटलं त्यांतलं कुणी अजून असेल, तर त्याच्यासाठी.

त्या दिवशी रंजनाच्या अंगणातून निघण्यापूर्वी मी माचाशी गेलो. गुडघे वाकत नव्हते, म्हणून खांबाला धरून, कसाबसा झुकून, मधल्या शेळीच्या डाव्या कुशीला कान लावला. केसांना उन्हाचा आणि जांभळीच्या पाल्याचा वास होता. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो गडगडाट आला, दुरून, जड, सावकाश चढणारा, आणि विरला. त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात मी प्रथमच थांबून राहिलो. काळ पुढे जातो म्हणतात. माझा तिथेच उभा आहे, दोन आवाजांच्या मधल्या त्या रिकाम्या जागेत, जिथे कुडी नसलेला एक कान अजून माझ्याकडे वळलेला आहे, डोळे मिटलेले आहेत, आणि मी काय वाचणार याची कुणीतरी वाट पाहत आहे.